परवाना लागत नाही

(कॅन्ससमधल्या गवताळ टेकड्या, एप्रिलमधली दुपार. नवं गवत फुटावं म्हणून इथले शेतकरी दर वसंतात एकमेकांच्या मदतीनं कुरणं जाळतात. एल्डन श्रागच्या घराची पुढची खोली. एल्डनच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या आहेत. शेजारी व्हर्लिन कॉफमन मांडीवर वही घेऊन बसला आहे. एल्डनची बायको लव्हॉन आत स्वयंपाकघरात आहे.)

एल्डन: पुढं लिही. ‘गुरुवारच्या आगीची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.’ लिहिलंस?

व्हर्लिन: थांब ना जरा. हे पेन चालत नाहीये.

एल्डन: दुसरं घे. त्या डब्यात पाच-सहा पडलीत.

व्हर्लिन: घेतलं. पण ‘सर्वस्वी’ कशाला? नुसतं ‘जबाबदारी माझी’ म्हण की. सर्वस्वी म्हणजे जरा... कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं.

एल्डन: हात माझे भाजलेत, जीभ नाही. सर्वस्वी. लिही.

व्हर्लिन: लिहितो.

एल्डन: ‘बुधवारी मी माझं पश्चिमेचं कुरण जाळलं. जाळून झालं की कुंपणाच्या प्रत्येक खांबाला उघडा हात लावून बघायचं, हा नियम तीस वर्षांपूर्वी मीच आपल्या जाळणी मंडळाला घालून दिला. कोपऱ्यातला खांब मी बघितला नाही. तो आतल्या आत धुमसत राहिला आणि गुरुवारी दुपारी वाऱ्यानं पेटला. त्यात शेजारीण आर्डिस प्लेंक यांचा तबेला गेला, त्यांची आंधळी घोडी गेली...’ काय रे? हात का थांबला?

व्हर्लिन: तू भराभर सांगतोयस.

एल्डन: याहून हळू सांगायचं तर मला झोप लागेल. ‘म्हणून मी मंडळाच्या जाळणीप्रमुखाचं पद सोडत आहे. यापुढं कुठल्या दिवशी पेटवायचं आणि कुठल्या दिवशी नाही, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवावं.’ बास. खाली माझं नाव लिही. सही म्हणून तोंडात पेन धरून फुली मारतो.

व्हर्लिन: एल्डन, तो खांब तू बघितला नव्हतास असं म्हणतोयस...

एल्डन: म्हणतोय.

व्हर्लिन: पण मला परवा म्हणालास की बघितला होता.

एल्डन: परवाचं सोड. मला काय आठवतंय ते सांगू का तुला? हसशील. त्या खांबाच्या डोक्यावर जुन्या तारेचा पीळ आहे. मी हात ठेवला तेव्हा तो तळव्याला टोचला. मी शिवी दिली. खांब गार होता, पावसात असतो तसा गार. मग मी ट्रकमध्ये बसलो आणि घरी आलो. हे मला तुझं तोंड दिसतंय ना, इतकं स्वच्छ आठवतंय.

व्हर्लिन: मग?

एल्डन: मग काय! खांब जळताना मी स्वतः बघितला. अग्निशमनवाल्या पोरांनी बघितला. तू बघितलास. गार खांब दुसऱ्या दिवशी उठून पेटत नाही. म्हणजे मला जे आठवतंय ते बुधवारचं नाही. गेल्या वर्षीचं असेल, त्याच्या आदल्या वर्षीचं असेल. डेलमरचं असंच सुरू झालं होतं, ठाऊक आहे ना तुला? माझा भाऊ गाईंना चारा घातला म्हणून शपथेवर सांगायचा, आणि गाई दावणीला हंबरत असायच्या.

व्हर्लिन: डेलमरचं वेगळं होतं.

एल्डन: काय वेगळं होतं? आई एक, बाप एक. तो बाहत्तरचा होता, मी चौऱ्याहत्तरचा. मला दोन वर्षं फुकट मिळाली म्हणायची.

लव्हॉन: काय मिळालं फुकट? या घरात मला तरी कधी काही फुकट मिळालं नाही. सरक रे व्हर्लिन, ट्रे ठेवू दे. कोबी-खिम्याचे पाव आहेत, आत्ताच काढले, जीभ भाजून घेऊ नका. या घरात न भाजलेलं तेवढंच राहिलंय. एल्डन, तुझ्या कॉफीत नळी घातलीय.

एल्डन: नळीनं कॉफी! माझ्या बापानं बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं.

लव्हॉन: तुझ्या बापाला मी ओळखत होते. त्यानं नळीनं काहीही ओढलं असतं. कसं चाललंय पत्र?

व्हर्लिन: चाललंय. म्हणजे, जवळजवळ झालंच.

लव्हॉन: उद्या मंडळाच्या सभेत ते वाचायचं कुणी हे ठरलं का? मला नाही जमणार बाई. मी दुसऱ्या ओळीलाच रडायला लागेन. व्हर्लिन, तूच वाच.

व्हर्लिन: मी?

लव्हॉन: मग कोण? दहा दिवसांत या दारात पाय ठेवलाय कुणी? काल दुकानात मंडळातल्या डॅरिलची बायको मला बघून पिठाच्या पोत्यांआड शिरली. तीस वर्षं यांच्या तोंडाकडं बघून काडी ओढायचे सगळे. एल्डन म्हणाला आज, तर आज. एल्डन म्हणाला वारा बरा नाही, तर मशाली परत गाडीत. आणि आता एक माणूस फोन करत नाही. तू नसतास ना, तर... जाऊ दे. खा.

व्हर्लिन: मला भूक नाही, लव्हॉन.

लव्हॉन: रोज आर्डिसकडं जाऊन लाकडं उतरवतोस, तबेल्याचे खांब रोवतोस, आणि भूक नाही म्हणतोस? ती मला म्हणाली, व्हर्लिनसारखा माणूस बघितला नाही. सकाळी सहाला हजर. त्याचं ना काही देणं ना घेणं, चूक दुसऱ्याची आणि राबतोय हा.

व्हर्लिन: असं म्हणाली?

लव्हॉन: अगदी असंच. यांचं नाव काढलं की मात्र गप्प होते. तिला घोडीचं लागलंय. चोवीस वर्षांची होती, तिच्या नवऱ्यानं आणलेली. बाकीच्या तिन्ही यांनी बाहेर काढल्या, पण दाराची कडी तापून लाल झालेली, ती यांनी हातानं उचलली, हे आर्डिसला दिसत नाही. तिला खांब तेवढा दिसतो.

एल्डन: बरोबर आहे तिचं.

लव्हॉन: हे बघ, तू काही बोलू नकोस. मंगळवारी साडेदहाची वेळ मिळालीय, व्हर्लिन. विचिटाला, स्मरणशक्तीचे डॉक्टर आहेत. आमच्या लेकीनं शोधले. तोवर ट्रकच्या किल्ल्या माझ्याकडं.

एल्डन: हातांची ही अशी गाठोडी झालीत. किल्ल्या असत्या तरी मी गाडी काय कोपरानं चालवणार होतो?

लव्हॉन: पट्ट्या सुटतील तेव्हाचं बोलतेय मी. व्हर्लिन, सकाळी काय झालं माहितीय? मी यांना गोळी दिली, हे म्हणाले आधीच दिलीस. मी म्हटलं नाही दिली. आता कुणावर विश्वास ठेवायचा?

एल्डन: दिली होतीस.

लव्हॉन: बघ. मी कोंबड्यांना दाणे टाकून येते. पाव गार होतील, सांगून ठेवते.

व्हर्लिन: गोळी खरंच दिली होती का?

एल्डन: मला कसं ठाऊक! दहा दिवसांपूर्वी विचारलं असतंस तर छातीठोक सांगितलं असतं. मी काय करतो माहितीय? सकाळी आरशापुढं उभा राहून नातवंडांची नावं म्हणतो. अकराच्या अकरा. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत आणि मग उलटी. उलट्या क्रमात एकदा अडखळलो, तर घाम फुटला मला. पूर्वी कधी उलटी म्हणून बघितली नव्हती रे, त्यामुळं आधी येत होती की नव्हती हेही कळत नाही.

व्हर्लिन: एल्डन.

एल्डन: हं.

व्हर्लिन: मी काल शेरीफच्या कचेरीत गेलो होतो.

एल्डन: का? गाई सुटल्या?

व्हर्लिन: नाही. ट्रेंटनं नाताळला ते यंत्र दिलं होतं ना मला...

एल्डन: जावयाचं खेळणं! पाठीवर टाकी, हातात नळी आणि तीस फुटांवर आग. डॅलसच्या माणसाला सासऱ्यासाठी हातमोजे सुचले नाहीत, फ्लेमथ्रोअर सुचला. त्याचं काय?

व्हर्लिन: म्हणजे... मी विचारायला गेलो की ते घरात ठेवणं कायद्यात बसतं का?

एल्डन: चार महिन्यांनी सुचलं?

व्हर्लिन: ती नवी डेप्युटी होती, कॉलीन. मी म्हटलं, बाई, माझ्याकडं असं असं यंत्र आहे, माझ्याजवळ ना परवाना, ना काही. ती म्हणाली, परवाना लागत नाही. मी म्हटलं, नीट बघा. तिनं बिचारीनं कॉम्प्युटरवर बघितलं, वरिष्ठांना फोन केला. मेरीलँडमध्ये बंदी आहे म्हणे, कॅलिफोर्नियात परवाना लागतो. इथं काही नाही. केंद्राच्या कायद्यात त्याला बंदूक धरतच नाहीत, कारण गोळी नाही. नोंद नाही, परीक्षा नाही, दंड नाही.

एल्डन: गंमतच आहे. काटेरी तणावर औषध मारायला मला परीक्षा द्यावी लागली. दर पाच वर्षांनी पुन्हा द्यायची. एकदा तर नापास झालो होतो.

व्हर्लिन: हेच मी तिला म्हटलं! बाई, तणाचं औषध विकत घेताना दुकानदार माझं कार्ड तपासतो, आणि याचं खोकं कुरिअरवाल्यानं पायरीवर ठेवलं, सही घेतली आणि गेला. ती म्हणाली, काका, तुम्ही निश्चिंत राहा. मग मला म्हणते कशी, कुठं मिळतं ते? नवऱ्याला अंगणातला बर्फ वितळवायला बरं पडेल.

एल्डन: मग तुझं काम झालं की. तोंड का पाडलंयस?

व्हर्लिन: मला वाटलं ती म्हणेल, जमा करा.

एल्डन: जमा करायचंय तर नदीत टाक. त्याला डेप्युटी कशाला?

व्हर्लिन: मला वाटलं ती रागावेल. वही काढेल आणि विचारेल.

एल्डन: काय विचारेल?

व्हर्लिन: विचारेल, वापरलंत का, म्हणून. कुठं वापरलंत, कधी वापरलंत. मी घरून उत्तरं पाठ करून गेलो होतो, एल्डन. तिनं एक प्रश्न विचारला नाही. दारापर्यंत सोडायला आली मला. छान दिवस जावो म्हणाली.

एल्डन: कधी वापरलंस?

व्हर्लिन: एल्डन...

एल्डन: मी विचारतोय आता. मला वही धरता येत नाही. कधी वापरलंस?

व्हर्लिन: गुरुवारी.

एल्डन: कुठं?

व्हर्लिन: कोपऱ्यात. आपली तिघांची कुंपणं मिळतात तिथं. माझ्या बाजूचं ते मोठं सीडरचं झाड.

एल्डन: किती वाजता?

व्हर्लिन: अडीच. अडीचला पाचेक मिनिटं कमी असतील.

एल्डन: वारा?

व्हर्लिन: पश्चिमेचा. होता थोडा.

एल्डन: थोडा म्हणजे किती?

व्हर्लिन: मी मोजला नाही.

एल्डन: मी मोजला होता. ताशी एकोणीस मैल. त्या दिवशी मी कुणालाच होय म्हटलं नव्हतं. काउंटीला फोन केलास पेटवण्यापूर्वी?

व्हर्लिन: नाही.

एल्डन: पलीकडं पाण्याची टाकी घेऊन कोण उभं होतं?

व्हर्लिन: कुणी नाही.

एल्डन: कुणीच नाही. पंचेचाळीस वर्षं आपण एकमेकांच्या कुंपणाला उभे राहिलो, व्हर्लिन. तुझ्या घरी मुलगी झाली त्या दिवशीसुद्धा मी तुझ्या कुंपणाला उभा होतो, कारण वारा चांगला होता. आणि तू एकटा गेलास?

व्हर्लिन: एक झाड तर होतं. मला वाटलं, एका झाडाला काय माणसं गोळा करायची!

एल्डन: ते झाड तोड म्हणून पाच वर्षं मी तुझ्या मागं लागलोय. सीडर तेलानं भरलेला असतो म्हणून. पोराला सांगतात तसं सांगितलं.

व्हर्लिन: म्हणूनच रे. तू नाताळच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणालास, ज्यांना चालायचा कंटाळा त्यांच्यासाठी ते खेळणं आहे. सगळे हसले. ट्रेंट लाल झाला. मी पण हसलो, पण मला लागलं ते. म्हटलं, याला दाखवू. शुक्रवारी सकाळी तू ट्रक घेऊन तिकडून जाशील, तर झाड नाहीच. फोन करशील, अरे व्हर्लिन, झाड कुठं गेलं? तुझी गंमत करायची होती मला.

एल्डन: गंमत.

व्हर्लिन: आणि खरं सांगू? सांगायलाच बसलोय तर सांगतो. मजा आली. पहिली दोन मिनिटं इतकी मजा आली की मी ओरडलो. एकोणसत्तर वर्षांचा माणूस मी, कुरणात एकटा उभा राहून ओरडलो. मशालीनं पेटवताना आपण गवताकडं बघत चालतो, मागं बघतो, पुढं बघतो. हे हातात आलं की मी फक्त ज्वाळेकडं बघत होतो. झाड एकदम भडकलं. वरची एक फांदी तुटली आणि उडत जाऊन कुंपणावर पडली. त्याच्या ठिणग्या आर्डिसच्या गवतात. मी धावलो. टाकी पाठीवर, ती सोडवतासुद्धा येईना. कोटानं झोडपत राहिलो. नाही आवरली.

एल्डन: कुंपणावर कुठं पडली?

व्हर्लिन: कोपऱ्यातल्या खांबावर.

एल्डन: माझ्या?

व्हर्लिन: तुझ्या.

एल्डन: आणि फांदी पडायच्या आधी खांब? धूर होता? थोडासुद्धा?

व्हर्लिन: काही नव्हतं. यंत्र चालू करायच्या आधी मी कोट काढून त्याच खांबावर टाकला होता. मी टेकलोसुद्धा होतो त्याला. गार होता, एल्डन. अगदी गार होता.

एल्डन: गार होता.

व्हर्लिन: हो.

एल्डन: म्हणजे मी हात लावला होता.

व्हर्लिन: असणारच.

एल्डन: असणारच नाही. लावला होता. तारेचा पीळ टोचला होता मला. बुधवारी. याच बुधवारी, गेल्या वर्षी नाही.

व्हर्लिन: हो रे. लावला होतास तू.

एल्डन: देवा.

व्हर्लिन: एल्डन, रडू नकोस. तुला डोळेही पुसता येत नाहीत. थांब, माझा रुमाल...

एल्डन: लावू नकोस हात मला! ... दहा दिवस. दहा दिवस तू या खुर्चीत येऊन बसलास. मला सूप पाजलंस. मी तुला डेलमरचं सांगत होतो आणि तू मान हलवत होतास. सगळं ठाऊक असून मान हलवत होतास.

व्हर्लिन: हो.

एल्डन: का?

व्हर्लिन: मी सांगणार होतो. आर्डिसच्या अंगणात मी पोचलो तेव्हा तू गुडघ्यावर होतास, हात असे पुढं धरलेले, आणि सगळ्यांना ओरडून सांगत होतास, माझा खांब, माझा खांब. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. मग म्हटलं, दवाखान्यात सांगू. तिथं तुला गुंगी होती. मग म्हटलं, घरी आल्यावर. घरी आलास तर लव्हॉननं मला मिठी मारली आणि म्हणाली, तू आहेस म्हणून आम्ही आहोत. त्यानंतर रोज सकाळी ठरवायचो आणि रोज पुढं ढकलायचो. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचंही सांगावं लागतं ना. मग तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं.

एल्डन: म्हणून आर्डिसकडं लाकडं उतरवत होतास.

व्हर्लिन: तेवढंच हातात होतं. तीही मला चांगला म्हणायला लागली. कुठं तोंड लपवू कळेना.

एल्डन: आणि शेरीफकडं गेलास, की तिनं तुझ्या तोंडून काढून घ्यावं.

व्हर्लिन: हो. मला वाटलं, कायद्यात काहीतरी असेलच. एवढी मोठी वस्तू, एखादं कलम असेलच की. मला पकडतील, पेपरात येईल, तू पेपरात वाचशील. म्हणजे मला तुझ्यासमोर बसून सांगावं लागणार नाही. तर कायदा म्हणतो, तुमचं काहीच चुकलं नाही.

एल्डन: यंत्र ठेवण्यात चुकलं नाही. काउंटीला फोन न करता पेटवलंस, त्याचं कलम आहे. ते सांगितलंस तिला?

व्हर्लिन: नाही. तिनं विचारलं नाही.

एल्डन: पुन्हा तेच!

व्हर्लिन: जाऊन सांगतो. आज सांगतो.

एल्डन: माझं नाक खाजव.

व्हर्लिन: काय?

एल्डन: नाक खाजतंय. मला तुझा इतका राग आलाय की तुला उचलून बाहेर फेकावंसं वाटतंय, आणि मला स्वतःचं नाक खाजवता येत नाही. डावीकडं. जरा वर. खाजवतोयस की सोलतोयस?

व्हर्लिन: बरं वाटलं?

एल्डन: नाही.

व्हर्लिन: मी जाऊ का?

एल्डन: कुठं जातोस? बस. तुला वाटतं घोडीसाठी मी रागावलोय? तबेल्यासाठी? तबेला सगळे मिळून उभा करू. आग कुणाच्याही हातून सुटते. माझ्या हातूनही सुटली होती, तू विझवायला आला होतास. पण तू माझं डोकं काढून घेतलंस रे. मी बायकोला घाबरायला लागलो होतो. ती काही विचारायची, तर मी आधी तिच्या तोंडाकडं बघायचो की उत्तर काय असायला हवं.

व्हर्लिन: मला माफ कर.

एल्डन: ते आत्ता मागू नकोस. आत्ता मी देणार नाही. पुढं देईन की नाही हेही मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू?

व्हर्लिन: बरं.

एल्डन: आर्डिसला आज संध्याकाळच्या आत सांगायचं. तिच्या दारात उभं राहून, फोनवर नाही. उद्या मंडळात तू उभा राहशील आणि सगळं सांगशील. ओरडलास तेसुद्धा.

व्हर्लिन: तेसुद्धा?

एल्डन: तेच आधी. म्हणजे ज्यांच्या घरी असली खेळणी आलीत त्यांना कळेल. डॅरिलकडं एक आहे, त्याच्या मेव्हण्याकडं एक आहे. कायदा त्यांना विचारणार नाही. निदान तुझं ऐकतील.

व्हर्लिन: सांगेन. आणि हे पत्र? फाडू?

एल्डन: मला काय विचारतोस! जे खोटं आहे ते ठेवून काय करायचं?

व्हर्लिन: फाडलं. एल्डन, लव्हॉन येतेय. मागच्या दाराचा आवाज झाला. तिला... तिला तू सांगशील का? नवरा-बायकोत जरा बरं पडतं. मी असा बाजूला बसतो.

एल्डन: मी सांगू? काय सांगू मी? लव्हॉन, खांब गार होता, मी हात लावला होता, पेटवलं व्हर्लिननं! हे ऐकून ती काय करेल ठाऊक आहे? माझ्या कपाळाला हात लावून बघेल आणि मंगळवारची वेळ उद्यावर घेता येईल का म्हणून फोन करेल. दहा दिवस झाले, माझं एक वाक्य तिनं खरं धरलेलं नाही. त्याला कारण तू आहेस. माझ्या तोंडून ते आता खरं होत नाही, व्हर्लिन.

व्हर्लिन: तिनं मला मिठी मारली होती रे.

एल्डन: ठाऊक आहे. मी बघत होतो.

लव्हॉन: घ्या! एक पाव खाल्लेला नाही आणि कॉफी तशीच. कागद कुणी फाडले? एल्डन, तुझे डोळे का लाल झालेत? दुखतंय का? व्हर्लिन, काय झालं? पुन्हा काही विसरले का हे?

व्हर्लिन: तू आधी बस, लव्हॉन. तो काही विसरलेला नाही. काहीच विसरला नव्हता.